आमदारांनी मत कुणाला दिलं?

विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर आली होती, गावोगाव तिकिटांची चर्चा तापली होती आणि १२ जुलै २०२४ रोजी मुंबईत विधान परिषदेच्या ११ जागांसाठी आमदारांनी मतदान केलं. उमेदवार १२, म्हणजे एकाचा पराभव ठरलेला. नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याचा या निवडणुकीशी थेट संबंध होता. मौदा लोकसभेला रामटेकमध्ये, विधानसभेला कामठीत. रामटेकचे दोन वेळचे खासदार कृपाल तुमाने यांचं लोकसभेचं तिकीट शिंदेंच्या शिवसेनेने कापलं होतं. ते आता परिषदेचे उमेदवार होते. आणि कामठीचे तेव्हाचे आमदार टेकचंद सावरकर मतदारांपैकी एक.

मतदानाची रीत आपल्या बूथवरच्यासारखी नाही. आमदाराला कागदी मतपत्रिका आणि निवडणूक अधिकाऱ्याने दिलेला जांभळा स्केचपेन मिळतो. नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. दुसरा पेन वापरला तर मत बाद. मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. तेव्हा सभागृहात २७४ आमदार होते, म्हणजे एकूण २७,४००. त्याला जागांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे १२ ने भागायचं आणि एक मिळवायचा. कोटा येतो २,२८४, म्हणजे पहिल्या पसंतीची २३ मतं. कोट्यावरची शिल्लक दुसऱ्या पसंतीकडे वळते. त्यामुळे कुणाला किती मतं द्यायची आणि दुसरा क्रमांक कुणापुढे लिहायचा, हे पक्ष आधीच कागदावर मांडून आमदारांना बजावतात.

काँग्रेसकडे ३७ मतं होती. प्रज्ञा सातव यांना २५ मिळाली आणि त्या निवडून आल्या. उरलेली मतं मित्रपक्षांना जायची होती. ठाकरेंचे मिलिंद नार्वेकर पहिल्या फेरीत २२ वर अडकले आणि दुसऱ्या पसंतीवर तरले. शेकापचे जयंत पाटील १२ वर थांबून हरले. महायुतीचे नऊच्या नऊ उमेदवार विजयी झाले, तुमानेही त्यात आले. काँग्रेसच्या पाच-सात मतांचा हिशेब लागेना. दोन वर्षांपूर्वी, जून २०२२ मध्ये, याच पक्षाचे चंद्रकांत हंडोरे अशाच फाटाफुटीत पडले होते.

मग फुटलेल्या आमदारांचा शोध सुरू झाला. पण परिषदेचं मतदान गुप्त असतं. राज्यसभेचं तसं नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कुलदीप नायर खटल्यात ही पद्धत वैध ठरवली. दाखवायची, पण फक्त त्यालाच: जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचं मत गुप्ततेच्या नियमावरूनच बाद झालं. परिषदेला मात्र ही दुरुस्ती लागू नाही. पक्षांतरबंदीचा बडगाही इथे चालत नाही, कारण हे मतदान सभागृहाच्या कामकाजात मोडत नाही.

काँग्रेसने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावतीच्या आमदार सुलभा खोडके यांना पक्षविरोधी कारवायांसाठी निलंबित केलं. नंतर त्या अजित पवारांच्या पक्षाकडून उभ्या राहून पुन्हा निवडून आल्या. त्यांनी १२ जुलैला कुणापुढे १ लिहिला, हे सिद्ध करायचा मार्ग कायद्यानेच बंद केलाय. ज्यांनी खरोखर पक्षाशी दगा केला ते त्यामुळे सुरक्षित राहिले, आणि ज्यांनी केला नाही त्यांच्यावरचा संशयही कधी फिटणार नाही. मला हे दुसरं जास्त अन्यायाचं वाटतं.

गुप्त मतदानाचा हक्क मौद्यातल्या शेतकऱ्याला, मजुराला हवाच. त्याच्यावर सावकार, मालक, पुढारी दडपण आणू शकतात. आमदाराची गोष्ट वेगळी. तो स्वतःचं मत देत नसतो. कामठीच्या लाखो मतदारांनी सोपवलेलं मत तो मुंबईला घेऊन जातो. ते कुणाच्या नावापुढे पडलं हे त्यांना कळायलाच हवं, आणि विधानसभेला बटण दाबण्याआधी कळायला हवं. परिषदेवर निवडून आलेले सदस्य सहा वर्षं बसतात. मतदाराच्या हाती पाच वर्षांतून एकच दिवस असतो.

दुरुस्तीही मोठी नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५९ मध्ये राज्यसभेसाठी जो अपवाद जोडला, त्यात आमदारांनी निवडायच्या परिषद सदस्यांचाही उल्लेख संसदेने करायचा आहे. आमदार म्हणून मत मागायला जो मौद्यात येईल, त्याला या दुरुस्तीबद्दल त्याचं म्हणणं आधी विचारावं.