२८ दिवसांची परीक्षा, ५० वर्षांचे आयुष्य

स्लॅब भरतात त्या दिवशी त्याच काँक्रीटचे काही ठोकळे, म्हणजे ‘क्यूब’, वेगळे भरून ठेवतात. २८ दिवस पाण्यात ठेवल्यावर ते यंत्रात दाबून फोडले जातात आणि काँक्रीटची प्रत ठरते. ‘एम-२०’ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारे काँक्रीट. ज्या घरात किमान ५० वर्षे राहायचे, त्याची परीक्षा महिन्याभरातच का संपते?

याचे उत्तर बांधकाम संशोधनाच्या इतिहासात आहे. १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्यानंतर शंभरेक वर्षे संशोधकांसमोर मुख्य प्रश्न होता ताकदीचा. काँक्रीट दाब सोसते, पण ताण पडला की तडकते. म्हणून त्यात सळया आल्या. १९१८ मध्ये अमेरिकेत डफ अब्राम्स यांनी दाखवून दिले, की सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, तितके काँक्रीट कमजोर. माल घट्ट वाटला म्हणून वरून बादलीभर पाणी ओतले जाते, तेव्हा हाच नियम मोडला जातो.

ताकद मिळाली, टिकाऊपणाचे काय? नव्या काँक्रीटचा सामू १३ च्या आसपास असतो. या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत राहतो, सामू ९ च्या खाली उतरतो आणि तो थर नष्ट होतो. किनारपट्टीवर हेच काम खाऱ्या हवेतील क्लोराइड करते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. जुन्या इमारतींत छताचे पोपडे पडून सळया उघड्या दिसतात, त्या यामुळेच. रोममधील पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट सुमारे १९०० वर्षे उभा आहे; त्यात गंजायला सळईच नाही!

भारतात ‘आयएस ४५६’ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीने टिकाऊपणावर विशेष भर दिला. हवामानानुसार काँक्रीटची किमान प्रत आणि सळईवरील आवरणाची जाडी त्यात ठरवून दिली आहे.

पुढचे आव्हान दुहेरी आहे. चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून सिमेंटचे क्लिंकर बनते. इंधनाबरोबरच चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. स्वित्झर्लंड, क्युबा आणि आपल्या दिल्ली व मद्रास आयआयटीतील संशोधकांनी मिळून विकसित केलेल्या ‘एलसी-३’ सिमेंटमध्ये क्लिंकर जवळपास निम्मेच असते. उरलेला भाग मुख्यतः भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी. क्लोराइडला ते चांगले रोखते. मात्र कार्बन डायऑक्साइड त्यात तुलनेने लवकर शिरतो. अशा नव्या सिमेंटला ५० वर्षांचा अनुभव नाही. म्हणून त्याचे भवितव्य आजच प्रयोगशाळेत अचूक वर्तवणे, हे आता संशोधनाचे मोठे काम आहे.

घर बांधणाऱ्यांनी तोवर तीन गोष्टी पाहाव्यात : सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का, मालात पाणी मोजून घातले जाते का आणि स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी मारले जाते का. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस.