कोणीतरी वाचलं आहे : शोधपत्रिका, परीक्षक आणि शब्दप्रमाण

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाचा विचार केला. त्यानंतर बऱ्याच श्रोत्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला : आजच्या काळात आप्त कोण? शोधपत्रिकेत छापून आलेला निबंध शब्दप्रमाण मानायचा का? याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून आजचा तास त्यालाच द्यायचा आहे.

आधी थोडी उजळणी. न्यायदर्शनात आप्ताच्या सांगण्याला शब्दप्रमाण म्हटलं आहे. आप्त कोण, हे वात्स्यायन आपल्या भाष्यात सांगतात. आमच्या शब्दांत सांगायचं तर, ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. अटी दोनच : जाणणं आणि खरं सांगण्याची इच्छा. कुळाची, पदाची अशी तिसरी अट ते घालत नाहीत. उलट ऋषी, आर्य, म्लेच्छ या सगळ्यांना हे लक्षण सारखंच लागू आहे, असं ते स्पष्ट म्हणतात. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता निबंध पत्रिकेकडे गेल्यावर काय होतं ते पाहू. संपादक तो चाळतो आणि योग्य वाटला तर त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. यालाच पिअर रिव्ह्यू म्हणतात. आपण नुसतं परीक्षण म्हणू. परीक्षकाला बहुतेक ठिकाणी मानधन नसतं आणि त्याचं नाव लेखकाला कळत नाही. काही पत्रिकांत लेखकाचं नावही परीक्षकापासून झाकतात. परीक्षक आपलं मत लिहून कळवतो, निर्णय संपादकाचा.

मग पत्रिकेच्या मुखपृष्ठावर 'परीक्षित' असं छापलेलं असतं तेव्हा ती पत्रिका वाचकाला नेमकं काय सांगत असते? आतला मजकूर सत्य आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. ती एवढंच सांगते की, हा विषय जाणणाऱ्या आणि यात स्वतःचा काही फायदा-तोटा नसलेल्या कोणीतरी हा निबंध वाचला आणि आपलं मत प्रामाणिकपणे संपादकाला कळवलं. साक्ष आहे ती वाचल्याची.

1998 साली 'द लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा 12 मुलांवरचा निबंध आला. गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एकत्रित लशीमुळे स्वमग्नता येते, अशी भीती त्यातून पसरली. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने मुलांच्या नोंदी आणि छापलेला मजकूर यांतली तफावत उघड केली. 2010 मध्ये पत्रिकेने निबंध मागे घेतला. मध्ये बारा वर्षं गेली. परीक्षकांना हे कसं दिसलं नाही, असं लोक विचारतात. अहो, परीक्षकांसमोर ती मुलं नव्हतीच, समोर फक्त कागद होता. माहितीच खोटी असेल तर परीक्षण ती क्वचितच पकडतं. ते पकडतं तर्कातली चूक, पद्धतीतली ढिलाई, आधीच्या कामाकडे केलेलं दुर्लक्ष.

आणि हे छोटं काम नाही. एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते आम्हाला फार आवडतं.

1936 साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू' या अमेरिकन पत्रिकेकडे निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाकडे पाठवला. समोर आइन्स्टाइन आहेत, तरीही! परीक्षकाने दहा पानांचा अभिप्राय लिहिला आणि चूक दाखवली. आइन्स्टाइन रागावले. आम्ही निबंध छापायला दिला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायला नव्हे, अशा आशयाचं पत्र लिहून त्यांनी तो परत मागवला आणि फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या पत्रिकेकडे दिला. त्यांच्या रागालाही कारण होतं. विद्वानांची पत्रिका ही चीज 1665 पासूनची, लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' काढलं तेव्हापासूनची. पण प्रत्येक निबंध बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवण्याचा सरसकट रिवाज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जर्मनीत आइन्स्टाइन यांना त्याची सवय नव्हती.

पुढची गंमत ऐका. त्याच सुमारास हॉवर्ड रॉबर्टसन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ प्रिन्स्टनला परतले. आइन्स्टाइन यांचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि बोलता बोलता त्यांनी इन्फेल्डना ती चूक समजावून दिली. इन्फेल्डनी ती आइन्स्टाइनना सांगितली. आइन्स्टाइन यांनी मुद्रितांमध्येच बदल केले, आणि 1937 मध्ये निबंध छापून आला तो नव्या शीर्षकाने आणि उलट्या निष्कर्षाने. तो निनावी परीक्षक म्हणजे रॉबर्टसनच होते, हे पत्रिकेच्या जुन्या नोंदींवरून 2005 मध्ये नक्की झालं. (त्या लहरी 2015 मध्ये प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे, ती त्याच लहरींसाठी.)

या गोष्टीत परीक्षणाची सगळी नीती आली आहे. संपादकाने नाव बघून सूट दिली नाही. परीक्षकाने मन लावून वाचलं, दहा पानं लिहिली, फुकट. आणि 'त्यांची चूक मी काढली' असं मिरवलं नाही. परीक्षकाच्या हातात दुसऱ्याचा न छापलेला विचार असतो. तो विचार चोरता येतो, मुद्दाम अडवून ठेवता येतो, 'माझे चार निबंध संदर्भात घाला' असं निनावीपणाच्या आडून सुचवताही येतं. यातलं काही लेखकाला सिद्ध करता येत नाही. म्हणून तर गोपनीयता, हितसंबंध उघड करणं, वेळेत उत्तर देणं हे नियम आले. आपणही त्याच प्रश्नावर काम करत असू, किंवा लेखक आपला विद्यार्थी किंवा प्रतिस्पर्धी असेल, तर संपादकाला तसं कळवायचं. नाही म्हणायचं की नाही ते मग तो ठरवेल. आणि एक. आपल्याकडे वाद, जल्प आणि वितंडा असा भेद केला आहे. स्वतःचा कुठलाच पक्ष न मांडता समोरच्याचं नुसतं खंडन करत सुटायचं, ती वितंडा. वितंडा करणारे परीक्षक सर्व देशांत, सर्व विषयांत सापडतात.

पण नावाचं काय? वात्स्यायनांनी कुळ-पद बाजूला ठेवलं, आपण ठेवतो का? 1982 मध्ये पीटर्स आणि सेसी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामवंत विभागांतल्या लेखकांचे 12 निबंध त्यांनी घेतले. ते दीड ते अडीच-पावणेतीन वर्षांपूर्वी छापून आलेले होते. लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून, काल्पनिक घालून, ते त्याच पत्रिकांकडे पुन्हा पाठवले. तीनच ठिकाणी लक्षात आलं की, हे आधी छापलेलं आहे. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले, आणि कारणं काय, तर बऱ्याचदा पद्धतीतले गंभीर दोष! ज्या निबंधांना आधी मान्यता होती, त्यांतच आता दोष दिसले. यावर आक्षेप आहेत. या पत्रिका एरवीही बहुतेक निबंध नाकारतात, मग हे यदृच्छेनेही घडू शकतं. शिवाय संपादकांना फसवून प्रयोग करावा का, हाही नीतीचाच प्रश्न. तरी लेखकाचं नाव झाकण्याचा आग्रह का धरायचा, हे यावरून कळतं.

इथपर्यंत आपण परीक्षण नीट झालं, वाईट झालं, पक्षपाती झालं, याबद्दल बोललो. आता मुळात झालंच नाही, तिकडे वळू. कारण हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

2013 च्या ऑक्टोबरमध्ये 'सायन्स' या पत्रिकेत जॉन बोहॅनन यांचा वृत्तांत आला. त्यांनी खोट्या लेखकांच्या नावाने, ढळढळीत चुका असलेला एक निबंध 304 मुक्त-प्रवेश पत्रिकांकडे पाठवला. 157 पत्रिकांनी तो स्वीकारला, 98 पत्रिकांनी नाकारला. वर्गणी घेणाऱ्या पत्रिकांकडे त्यांनी तो पाठवलाच नाही, त्यामुळे तुलना अपुरी राहते, हे मान्य. पण त्या 304 मधल्या सुमारे एक-तृतीयांश पत्रिकांचा ठावठिकाणा भारतात होता.

असं का झालं? मागणी कोणी निर्माण केली ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध प्रसिद्ध करणं सक्तीचं केलं. 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या निवडीला आणि स्थाननिश्चितीला एपीआयचे गुण जोडले. जिथे ग्रंथालयाला वर्गणीचे पैसे नाहीत, आठवड्याचे तास संपता संपत नाहीत, अशा तालुक्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकालाही 'निबंध दाखवा' असं सांगितलं गेलं. मग दुकानं निघाली. काही हजार भरा, चार दिवसांत स्वीकृती, वर प्रमाणपत्र. चर्चासत्राच्या नोंदणी शुल्कातच विशेषांकातला निबंध.

निवड समित्यांवर आम्ही बरीच वर्षं बसलो. उमेदवाराच्या हातात हातभर जाडीची फाईल असते. पत्रिकांची नावं, आयएसएसएन क्रमांक, इम्पॅक्ट फॅक्टर, सगळं पारदर्शक पिशव्यांत. आम्ही एखादा निबंध उघडून 'यात तुमचा मुद्दा काय आहे?' असं विचारलं की, उमेदवार गोंधळायचा आणि शेजारचे सदस्य घड्याळ बघायचे. एकदा एका मुलीने मात्र अर्धा तास त्या एका निबंधावर आमच्याशी वाद घातला. तो निबंध ज्या पत्रिकेत होता, तिला गुण कमी होते.

पत्रिकांची अवस्था काय होती, हे सांगायला आपल्याकडे चांगला अभ्यास आहे. आयोगाने 2017 मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी जाहीर केली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या 5,699 पत्रिकांमधून 1,336 निवडल्या आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत असलेल्या वगळून 1,009 तपासल्या. सुमारे 34.5 टक्के पत्रिकांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं असली प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा नव्हतीच. आणखी 52.3 टक्के पत्रिकांत खोटे आयएसएसएन क्रमांक, खोटा इम्पॅक्ट फॅक्टर, संपादकांची संशयास्पद पात्रता असले प्रकार होते. हा अभ्यास 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 पत्रिका यादीतून काढल्या. मग केअर नावाची नवी यादी आली, तिच्या तपासणीचं काम पुण्यातूनच चाले. 2022 मध्ये पीएच.डी.आधीच्या निबंधाची सक्ती गेली. 2025 मध्ये केअर यादीही बंद झाली आणि पत्रिकांची पारख ज्याच्या त्याच्या संस्थेवर सोपवली गेली.

यादी का टिकत नाही? कारण ती आप्ताच्या जागी शिक्का ठेवते. शिक्क्याची नक्कल होते. चांगल्या पत्रिकेच्या नावाचं हुबेहूब दुसरं संकेतस्थळ उभं राहतं आणि पैसे तिकडे जातात, हे घडलेलं आहे. या दुकानांची सगळ्यात मोठी फसवणूक पैशांची नाही. 'हे कोणीतरी वाचलं आहे' अशी खोटी साक्ष ती विकतात. विकत घेणाऱ्या शिक्षकाला काय विकत घेतोय ते बहुधा माहीत असतं. त्याला आम्ही निर्दोष म्हणणार नाही. पण ज्याने वाचल्याशिवाय मोजण्याचा नियम केला, त्याचा दोष आम्ही मोठा मानतो. आणि मधल्यामध्ये मरतो तो कोण? ज्याने खरोखर विचार करून लिहिलं आणि माहितीअभावी तिथे छापायला दिलं, तो. त्याचं काम कायमचं त्या ढिगात गेलं.

विद्यार्थी विचारतात, पत्रिका कशी ओळखायची? सोपं आहे, तिचे दोन अंक वाचा. संपादक मंडळातल्या एखाद्या व्यक्तीला पत्र टाकून विचारा की, तुम्ही खरंच मंडळात आहात का. परीक्षणाला किती वेळ लागतो ते विचारा. 'तीन दिवस' असं उत्तर आलं तर समजून जा.

शेवटी एक अगदी ताजी गोष्ट. परीक्षक आता हाताखाली आलेला निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला देऊन अभिप्राय लिहून घेऊ लागले आहेत. न छापलेला निबंध परवानगीविना असा बाहेर देणं हा गोपनीयतेचा भंग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2023 मध्ये आपल्या अनुदान-परीक्षणात याला बंदी घातली. 2025 मध्ये जपानच्या 'निक्केई'ने आणखी एक प्रकार उघडकीला आणला : छापण्याआधी इंटरनेटवर ठेवलेल्या काही निबंधांत लेखकांनी पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ दडवली होती. माणसाला न दिसणारी. यंत्राला उद्देशून लिहिलेली. आशय असा की, फक्त चांगलं लिही. बोभाटा झाल्यावर एका लेखकाकडून असाही बचाव आला की, हा आळशी परीक्षकांना पकडण्याचा सापळा होता.

हा बचाव आम्ही बरेच दिवस मनात घोळवत होतो. समजा तो खरा धरला. मग लेखकाने आपला निबंध अशा माणसाकडे पाठवला की, तो वाचणार नाही याची लेखकाला आधीच खात्री होती. आणि परीक्षकाने ते काम अशा यंत्राकडे दिलं की, ज्याला सांगण्याची इच्छा असते की नाही हाच मोठा प्रश्न आहे. वात्स्यायनांच्या दोन अटींपैकी यात कोणती उरली, हे आपण प्रश्नोत्तरांत बघू. संगणकशास्त्राचे काही विद्यार्थी आज जोडले गेले आहेत असं दिसतंय, त्यांनी आधी बोलावं.