कार्बनचा खर्च मावळच्या खात्यावर

हवेत सोडलेल्या एका टन कार्बन डायऑक्साइडमुळे पुढील अनेक दशकांत शेती, पाणी, आरोग्य आणि मालमत्तेचे जे नुकसान होते, त्याचे आजचे मूल्य म्हणजे त्या उत्सर्जनाची आर्थिक किंमत. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पंपावर डिझेलचे पैसे भरले जातात. धुराने होणाऱ्या नुकसानीचे बिल दुसरीकडे, दुसऱ्याच्या नावावर निघते.

ही किंमत तीन टप्प्यांत काढतात. उत्सर्जनामुळे तापमान किती वाढेल, त्यातून किती नुकसान होईल आणि भविष्यातील त्या नुकसानीला आज किती मोल द्यायचे. तिसऱ्या टप्प्यात मतभेद फार, म्हणून अंदाजही वेगवेगळे येतात. हवामानबदलाला अर्थशास्त्राच्या दीर्घकालीन गणितात आणल्याबद्दल विल्यम नॉर्डहाउस यांना २०१८ साली नोबेल मिळाले. त्याच वर्षीच्या एका देशनिहाय अभ्यासाने एका टनामागे जगाचे नुकसान सुमारे ४१७ डॉलर आणि त्यात भारताचा वाटा ८६ डॉलर धरला. हा वाटा सर्व देशांत सर्वांत मोठा होता.

कार्बन डायऑक्साइड जगभरच्या हवेत मिसळतो. त्यामुळे धूर कोठे निघाला आणि नुकसान कोठे झाले, यांचा मेळ बसत नाही. पुणे जिल्ह्यातील पवना धरणाजवळचे पवनानगर आणि भोवतीचा मावळ तालुका हे याचे बोलके उदाहरण आहे.

येथील मुख्य पीक भात. इंद्रायणी तांदूळ ही मावळची ओळख. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेले की भाताच्या लोंब्यांत पळिंज वाढते. कापणीच्या तोंडावर पाऊस आला, तर उभे पीक आडवे होते. येथील पॉलिहाउसमधील गुलाबाची बाजारपेठ व्हॅलेंटाइन डेवर अवलंबून असते. थंडी कमी पडली की फुले लवकर उमलतात, जास्त पडली की उशिरा. निर्यातीचे मोजके दिवस चुकले की दर कोसळतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात मावळातील पॉलिहाउसचे मोठे नुकसान झाले.

पाण्याचा हिशेब याहून व्यापक आहे. पवनेचे पाणी नदीतून रावेतला जाते आणि तेथून पिंपरी-चिंचवडला मिळते. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. त्यामुळे कमी दिवसांत जास्त पाऊस कोसळण्याची शक्यता वाढते. भरलेल्या धरणातून असे पाणी सोडून द्यावे लागते आणि उन्हाळ्यात त्याचीच उणीव भासते.

अर्थात, प्रत्येक वादळ किंवा पडलेला दर कार्बनच्या माथी मारता येत नाही. वाढलेल्या तापमानामुळे अशा घटनांची शक्यता किंवा तीव्रता किती वाढली, तेवढाच भाग या हिशेबात येतो.

ही किंमत इंधनाच्या दरात आणण्याचा एक मार्ग म्हणजे कर. भारताने २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला; २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा कोळशाच्या या उपकराच्या जागी आलेल्या नव्या उपकराचे पैसे राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळले. मजबूत पॉलिहाउस, पीकविमा आणि पाण्याचे नियोजन यांचा खर्च मात्र शेतकरी, पालिका आणि राज्य यांच्यावरच राहिला.