पाठवले किती, खपले किती?

दर तीन महिन्यांनी वर्तमानपत्रांच्या आर्थिक पानावर एक शर्यत भरते. स्मार्टफोन बनवणाऱ्या कंपन्यांत पहिली कोण आली, दुसरी कोण, कुणी कुणाला मागे टाकले, याचे निकाल लागतात. हल्ली या बातम्या घराघरांतून वाचल्या जातात, कारण प्रत्येकाच्या खिशात त्यांतला एखादा खेळाडू असतोच. ज्याचा जो फोन, त्याची ती कंपनी! माझे सगळे आयुष्य बँकेत गेले. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री जागून. दिवस गेला तो दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात. त्यामुळे ‘अमक्याने इतके कोटी फोन विकले’ असे वाक्य दिसले, की माझी नजर आकड्याआधी ‘विकले’ या क्रियापदावर जाते. सगळी मेख त्या क्रियापदात असते.

२०१४ सालची शेवटची तिमाही घ्या. अ‍ॅपलचा आयफोन ६ नुकताच आला होता आणि कंपनीने स्वतःच जाहीर केले, की ऑक्टोबर ते डिसेंबरात ७ कोटी ४५ लाख आयफोन गेले. सॅमसंगने आपला आकडा सांगितला नाही. स्मार्टफोनचे नग जाहीर करणे त्यांनी २०११ मध्येच थांबवले होते. मग बाजाराची मोजदाद करणाऱ्या संस्था पुढे सरसावल्या. आयडीसी म्हणाली, सॅमसंग ७ कोटी ५१ लाख, म्हणजे सॅमसंग पहिली. स्ट्रॅटेजी अ‍ॅनॅलिटिक्स म्हणाली, दोघांचेही ७ कोटी ४५ लाख, म्हणजे बरोबरी. गार्टनरने सांगितले, अ‍ॅपल ७ कोटी ४८ लाख आणि सॅमसंग ७ कोटी ३० लाख, म्हणजे अ‍ॅपल पहिली. तिमाही एकच, कंपन्या त्याच दोन, आणि निकाल तीन. खुद्द अ‍ॅपलने सांगितले त्याहून तीनेक लाख जास्त आयफोन गार्टनरच्या हिशेबात आले कुठून, असे कुणीही विचारील.

यात कुणी खोटे बोलत होते असे समजण्याचे कारण नाही. कारखान्यातून निघालेला फोन गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत मध्ये तीन-चार मुक्काम करतो. कंपनीकडून तो डिस्ट्रिब्युटरकडे जातो, तिथून दुकानदाराकडे, तिथून तुमच्या-आमच्याकडे. आयडीसी मोजत होती ती पहिली पायरी, म्हणजे कंपनीने बाहेर पाठवलेला माल. गार्टनर मोजत होती ती शेवटची, म्हणजे गिऱ्हाइकाने घरी नेलेला. दुकानांत आधीपासून असलेला माल त्या तिमाहीत खपला, तर खपलेले नग पाठवलेल्यांपेक्षा जास्त भरणारच. शिवाय कंपनी सांगत नाही तिथे सगळ्यांनाच अंदाज बांधावे लागतात, आणि अंदाज बांधणाराप्रमाणे बदलतो. तेव्हा ‘विकले’ म्हणजे ‘पाठवले’ की ‘खपले’, हे बातमीत सांगितलेले नसेल, तर दोन आकडे शेजारी मांडून तुलना करणे म्हणजे एकाच्या पेरणीची दुसऱ्याच्या सुगीशी तुलना करण्यासारखे आहे.

हा फरक नुसता शब्दांचा आहे असे ज्यांना वाटेल, त्यांच्यासाठी एक अनुभव सांगतो. २०१३ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तिथल्या एका मोबाइल डिस्ट्रिब्युटरला आमच्या शाखेचे कॅश क्रेडिट होते. माणूस सरळ, व्यवहार चोख. दर महिन्याला तो स्टॉक स्टेटमेंट देई, म्हणजे गोडाउनमध्ये किती रुपयांचा माल आहे त्याचा तक्ता. त्या किमतीतून पंचवीस टक्के मार्जिन वजा करून उरेल तेवढी रक्कम त्याला वापरता येई. एकदा तपासणीला गेलो तर एकाच मॉडेलचे नऊशे नग छताला टेकलेले. साडेपाच हजारांचा एक, म्हणजे साडेएकोणपन्नास लाखांचा माल. मी विचारले, ‘अहो, इतका उचललात कशाला?’ तो म्हणाला, ‘साहेब, क्वार्टर एंड होता. कंपनीचा माणूस दोन दिवस दुकानात बसून होता. टार्गेट भरले नाही तर एजन्सी दुसऱ्याला देऊ म्हणाला.’

त्या कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तिच्या वहीत ते नऊशे फोन त्याच तिमाहीत ‘विकले’ गेले होते. पुढे दोन महिन्यांत तिने नवे मॉडेल काढले आणि जुन्याची किंमत बाराशे रुपयांनी उतरवली. गोडाउनमधला माल एका रात्रीत अडतीस लाख सत्तर हजारांचा झाला. आधीच्या हिशेबाने त्याला सदतीस लाख वापरता येत होते, आता एकोणतीस. उरलेले आठ लाख बँकेत भरा, असे पत्र नियमाप्रमाणे माझ्याच सहीने त्याला गेले. किंमत उतरली की कंपनी फरक भरून देते असे एजन्सी देताना सांगितले होते. ते पैसे यायला सात महिने लागले आणि आले तेही निम्मे. मधल्या काळात त्याच्या बायकोच्या पाटल्या आमच्याच शाखेत सोनेतारण झाल्या. त्या काउंटरवर ठेवताना बाई काहीच बोलल्या नाहीत, आणि मीही पावतीवर वजन लिहिण्यापलीकडे काही बोलू शकलो नाही.

हे तालुक्याच्या गावातच होते असे नाही. जानेवारी २०११ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी टॅबचा गवगवा होता. तो फोन नव्हता, टॅब्लेट होता, पण मासला तोच. वीस लाख गेले, असे जाहीर झाले होते. मग गुंतवणूकदारांशी बोलताना कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, की हा आकडा दुकानांपर्यंत पोहोचलेल्या मालाचा आहे. गिऱ्हाइकांपर्यंत किती गेले, या प्रश्नावर त्यांनी वापरलेला इंग्रजी शब्द काहींनी ‘स्मॉल’ असा ऐकला, म्हणजे थोडे. कंपनीने नंतर खुलासा केला, की शब्द ‘स्मूद’ होता, म्हणजे सुरळीत. एका शब्दाच्या ऐकण्यावर जगभर बातम्या उलटसुलट झाल्या. खपलेल्या नगांचा आकडाच सांगून टाकला असता तर कान टवकारायची वेळ कुणावर आली नसती.

ब्लॅकबेरीचे तर याहून वाईट झाले. २०१३ मध्ये तिने झेड १० नावाचा फोन मोठ्या आशेने बाजारात पाठवला. माल दुकानांत गेला आणि तिथेच बसला. त्या सप्टेंबरात कंपनीला न खपलेल्या मालापोटी नव्वद कोटी डॉलरहून जास्त रक्कम तोट्यात लिहावी लागली. पाठवलेल्या मालालाच विक्री म्हणणाऱ्या कंपनीवर एक दिवस अशी वेळ येते. फक्त ती कोणत्या तिमाहीत येईल एवढाच प्रश्न असतो.

आपल्या देशातही हा वाद दोनदा चांगलाच रंगला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅनालिस या संस्थेने जाहीर केले, की २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत भारतात मायक्रोमॅक्स २२ टक्क्यांवर आणि सॅमसंग २० टक्क्यांवर आहे. गुडगावच्या कंपनीने कोरियन कंपनीला हरवले म्हणून आपल्याला कोण आनंद झाला! आयडीसीच्या हिशेबात मात्र त्याच तिमाहीत सॅमसंग २२ टक्के आणि मायक्रोमॅक्स १८ टक्के होती. सॅमसंगने दुकानांतल्या विक्रीचा हिशेब ठेवणाऱ्या जीएफके या संस्थेचा हवाला देऊन पहिला नंबर आपलाच असल्याचे सांगितले. तीन वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, हेच नाटक शाओमीला घेऊन पुन्हा झाले. कॅनालिसने शाओमीला ८२ लाख आणि सॅमसंगला ७३ लाख दिले, काउंटरपॉइंटनेही शाओमीला पहिले ठरवले, आणि सॅमसंगने पुन्हा जीएफकेचे कागद पुढे केले. शाओमीचा जोर तेव्हा ऑनलाइन विक्रीवर होता, सॅमसंगचा रस्त्यावरच्या दुकानांवर. मोजणारा कुठे उभा राहून मोजतो, यावर माणसे किती दिसतील हे ठरतेच. मिरवणूक मंडईपाशी मोजली आणि लकडी पुलावर मोजली, तर आकडे सारखे येतील का?

त्याच शाओमीची ऑनलाइन विक्री २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ‘चाळीस हजार फोन साडेचार सेकंदांच्या आत संपले’ अशा बातम्या येत. ऐकायला झकास. पण चाळीसच हजार विकायला काढले होते, म्हणून ते संपले. रांगेत किती होते हे त्यावरून कळत नाही. वडापावच्या गाडीवर वीसच वडे तळले तर तेही पाच मिनिटांत संपतात.

आता दिवसांचा हिशेब. बँकेत नोकरी केलेल्याला ३१ मार्च काय चीज आहे ते सांगावे लागत नाही. त्या रात्री ठेवी फुगतात आणि एप्रिल उजाडला की ओसरतात. म्हणून जाणता माणूस वर्षभराची सरासरी मागतो. कंपन्यांच्या तिमाह्यांचेही तसेच. अ‍ॅपलचा नवा फोन बहुधा सप्टेंबरात येतो, त्यामुळे तिची भरती ऑक्टोबर ते डिसेंबरात. सॅमसंगचा बिनीचा फोन वर्षाच्या सुरुवातीला येतो, त्यामुळे तिची भरती त्यानंतर. जानेवारीत अ‍ॅपल जिंकली आणि एप्रिलमध्ये सॅमसंग जिंकली असे आपण वाचतो, तेव्हा पुष्कळदा फक्त पंचांग वाचत असतो.

पंचांगाचा याहून बारीक खेळ २०१८ मध्ये झाला. १ फेब्रुवारीला बातमी आली, की आयफोनची विक्री घटली: आधीच्या वर्षीच्या शेवटच्या तिमाहीत ७ कोटी ८३ लाख, यंदा ७ कोटी ७३ लाख. मथळ्यात घट, म्हणून काळजी. पण अ‍ॅपल आठवड्यांनी हिशेब ठेवते आणि काही वर्षांनी एकदा तिला एक आठवडा जास्तीचा धरावा लागतो, आपल्या अधिक महिन्यासारखा. २०१६ ची ती तिमाही चौदा आठवड्यांची होती, २०१७ ची तेराच. भागाकार करून पाहा. आधी आठवड्याला सुमारे ५५ लाख ९० हजार फोन जात होते, नंतर सुमारे ५९ लाख ४६ हजार. घट कुठली, सहा टक्के वाढ झाली होती! व्याजाचा दर सांगताना मुदत न सांगणाऱ्या एजंटाला आपण दारातूनच परत पाठवतो. इथे मात्र मुदत न पाहता शेअर विकणारेही असतात.

त्याच तिमाहीत आयफोनमधून आलेले पैसे मात्र ५४.४ अब्ज डॉलरवरून ६१.६ अब्जांवर गेले होते, कारण महागडा आयफोन एक्स आला होता. नग मोजायचे की पैसे, हा प्रश्न भारतात तर फारच ठसठशीत दिसतो. काउंटरपॉइंटच्या हिशेबाने २०२३ मध्ये आपल्याकडे नगांत सॅमसंग पहिली होती. अ‍ॅपलचे नग एक कोटीच्या थोडे वर, देशात गेलेले एकूण फोन पंधरा कोटींच्या आसपास. म्हणजे पंधरांत एक. पण रुपयांत मोजले तर त्या वर्षी पहिली आली अ‍ॅपल. दोन्ही मथळे खरे. रिक्षा जास्त खपल्या की मोटारी, या प्रश्नासारखेच हे आहे. आपण काय विचारतो आहोत ते आधी ठरवावे लागते.

घराण्यांचा गोंधळ तर विचारू नका. रेडमी आणि पोको हे शाओमीच्या खात्यात. ओप्पोतून २०१८ मध्ये निघालेली रिअलमी वेगळी मोजली गेली, उलट वनप्लस २०२१ पासून ओप्पोत मिळवली गेली. हुआवेने नोव्हेंबर २०२० मध्ये आपला ऑनर हा ब्रँडच विकून टाकला. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे हुआवे घसरली हे खरेच, पण २०२० आणि २०२१ चे तिचे आकडे शेजारी ठेवताना, मधल्या काळात धाकटा मुलगा वेगळा राहायला गेला, हे समासात लिहायला नको का? भाऊबंदकी झाल्यावर सात-बारावरचे क्षेत्र कमी दिसते. जमीन काही वाहून गेलेली नसते.

या सगळ्यावर ताण म्हणजे आता कंपन्यांनी आकडे सांगणेच सोडून दिले आहे. आयफोन ६ पहिल्या तीन दिवसांत एक कोटी गेले, हे २०१४ मध्ये अ‍ॅपलने वाजतगाजत सांगितले होते. २०१५ च्या आर्थिक वर्षात तिचे नग २३ कोटींवर गेले आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत तो टप्पा तिला गाठता आला नाही. १ नोव्हेंबर २०१८ रोजी तिने कळवले, की यापुढे नग सांगणार नाही. टिम कुक यांनी किराणा दुकानातल्या ढकलगाडीचा दाखला दिला: गाडीत किती वस्तू आहेत याला महत्त्व नाही, एकूण बिलाला आहे. दाखला चुकीचा म्हणता येणार नाही. पण चार वर्षांपूर्वी, वस्तू भराभर वाढत होत्या तेव्हा, तो त्यांना सुचला नव्हता. परीक्षेचा निकाल चांगला लागेपर्यंत प्रगतिपुस्तक दारावर आणि मग एकाएकी कपाटात, हे घराघरांतल्या आईबापांनी पाहिलेलेच आहे.

तेव्हापासून या शर्यतीतले अ‍ॅपलचे आणि सॅमसंगचे नग म्हणजे बाहेरच्या संस्थांनी डिस्ट्रिब्युटरांना विचारून, सुट्या भागांच्या पुरवठ्यावरून आणि आयात-निर्यातीवरून बांधलेले अंदाज आहेत. अंदाज कसलेल्या माणसांचे असतात, ते टाकाऊ नसतात. २०२३ साली आयडीसीने अ‍ॅपलला २३ कोटी ४६ लाख आणि सॅमसंगला २२ कोटी ६६ लाख दिले. २०१० नंतर प्रथमच सॅमसंगचा वर्षाचा पहिला नंबर गेला आणि मोठमोठे मथळे झाले. फरक ऐंशी लाखांचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांचा. त्या वर्षी अ‍ॅपलचे नक्की किती नग गेले हे अ‍ॅपलबाहेर कुणाला ठाऊक नाही. ती बातमी मी कापून ठेवली आहे, आणि ‘विकले’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात लिहिले आहे: ‘पाठवले. अंदाजे.’