दोघांचं गाणं : ‘सुसाइड’चा पहिला अल्बम आणि आपलं तुणतुणं

ज्या जोडीच्या अल्बमबद्दल आज बोलायचंय तिचं नाव ‘सुसाइड’. लातूर-नांदेडात हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते, आणि अडखळायलाच हवी. इथं तो वर्तमानपत्रातून कमी आणि शेजारच्या घरातून जास्त येतो. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हेगा आणि मार्टिन रेव्ह या दोघांनी १९७० च्या सुमारास हे नाव घेतलं तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. त्यांना एका माणसाच्या नाही, सबंध समाजाच्या आत्मघाताबद्दल बोलायचं होतं. पुढं एका गाण्यापाशी हे नाव पुन्हा आडवं येणार आहे.

पंक म्हटलं की आपल्याला रंगवलेले उभे केस आणि फाटकी जीन्स आठवते. तो झाला पोशाख, आणि तो नंतर आला. आपल्या कार्यक्रमाच्या पत्रकावर ‘पंक’ हा शब्द छापणाऱ्या अगदी पहिल्यांमध्ये हे दोघं होते. गंमत अशी, की त्यांच्याकडं गिटार नव्हती आणि ड्रमवाला पण नव्हता. रेव्हकडं एक स्वस्तातलं इलेक्ट्रिक ऑर्गन आणि एक ताल देणारी पेटी. ही पेटी कशासाठी असायची? हॉटेलात एकटा माणूस ऑर्गन वाजवत बसतो, त्याच्या साथीला. बटण दाबलं की ठरलेला ठेका सुरू, बंद करेपर्यंत तोच. व्हेगाकडं फक्त माइक. १९७७ साली त्यांचा पहिला अल्बम निघाला. सात गाणी, सगळी मिळून अर्धा तास आणि वर दोन-तीन मिनिटं.

आता हे ऐकायचं कसं? आपल्याला त्यासाठी न्यूयॉर्कला जायची गरज नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत खंडोबापुढं वाघ्या-मुरळी उभे राहतात. तुणतुण्याला एक तार, ती एकच स्वर धरून राहते. दिमडीचा ठोका असतो, मुरळीच्या हातातली घोळ वाजत असते, आणि या सगळ्यावर आवाज. एक धरलेला स्वर, एक न थकणारा ठोका आणि सांगणारा माणूस. ‘सुसाइड’ची मांडणी नेमकी हीच आहे. त्यांनी आपल्याकडून घेतली असं मी म्हणत नाही, तसा काही संबंध नाही. पण साधन कमी असलं की माणूस कुठल्याही मुलखात साधारण याच जागी येऊन पोचतो.

यामागं एक कारण आहे, ते नीट समजून घ्या. नेहमीच्या रॉक गाण्यात दोन-चार ओळींनी गिटारचा स्वरमेळ बदलतो. आपला कान त्या बदलाची वाट बघत राहतो. रेव्ह मात्र तीच दोन-तीन स्वरांची ओळ पुन्हा पुन्हा वाजवतो. काही वेळानं कान वाट बघणं सोडून देतो आणि मुकाट्यानं शब्दांकडं वळतो. तुणतुण्याचंही तसंच. खालचा स्वर हलत नाही म्हणून शाहीर वरती वाट्टेल ते करू शकतो. वाक्य लांबवील, मधेच थांबून गद्यात बोलेल, समोरच्याला टोमणा मारील आणि पुन्हा सुरात येईल. पंधरा वादकांच्या ऑर्केस्ट्रात हे जमत नाही, तिथं आधी सगळ्यांना खूण करावी लागते.

त्या अल्बमात ‘फ्रँकी टिअरड्रॉप’ नावाचं गाणं आहे. दहा मिनिटांच्या वर. फ्रँकी वीस वर्षांचा आहे, कारखान्यात कामाला आहे, लग्न झालंय, मूल आहे. मजुरीत भागत नाही, घर जायची वेळ येते. शेवटी तो मुलाला मारतो, बायकोला मारतो आणि स्वतःला संपवतो. व्हेगा मधे मधे किंचाळतो, आणि ते ऐकवत नाही. मला हे गाणं आवडतं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट बघा. इतकं सगळं होत असताना ठेका बदलत नाही. फ्रँकी मेला तरी पेटी चालूच. कारखाना असाच असतो. आपल्याकडं शेतकरी आत्महत्येवर गाणी निघतात, त्यात व्हायोलिनं रडतात, कोरस हुंदके देतो, आणि ऐकणाऱ्याचं मन हलकं होतं. इथं ते हलकं होऊ दिलेलं नाही.

लोकांना हे मानवलं असं नाही. जून १९७८ मध्ये ब्रसेल्सला प्रेक्षकांनी इतका दंगा केला, की व्हेगाच्या हातातला माइकच पळवला. त्या गोंधळाचं रेकॉर्डिंग पुढं रेकॉर्ड म्हणून निघालं!

आता ‘डीआयवाय’, म्हणजे आपलं आपण करणं. या बाबतीत ‘सुसाइड’ अर्धंच उदाहरण आहे. आवाज त्यांचा स्वतःचा, पण रेकॉर्ड काढली मार्टी थाऊ यांच्या ‘रेड स्टार’ या छोट्या कंपनीनं. उरलेलं अर्धं मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’नं करून दाखवलं. घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच नावानिशी चार गाण्यांची रेकॉर्ड काढली, पहिल्या खेपेला १,००० प्रती. पाकिटाच्या मागं काय छापलं? कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात रेकॉर्ड झालं ते. पुढच्या वर्षी ‘स्क्रिटी पोलिटी’नं तर पाकिटावर खर्चाचा हिशेबच दिला. म्हणजे वाचणाऱ्यानं उद्या स्वतःची काढावी.

हेही आपल्याला नवीन नाही. १४ एप्रिलला, दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर भीमगीतांच्या पातळ पुस्तिका विकायला असतात. अनेकदा लिहिणारा, छापून आणणारा आणि विकणारा एकच. वामनदादा कर्डक आयुष्यभर असेच गावोगाव फिरत लिहीत आणि गात राहिले. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि टेपरेकॉर्डरवर घरीच प्रती निघायला लागल्या. कॅसेटला कमी लेखू नका. ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ चा ‘नेब्रास्का’ अल्बम घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर रेकॉर्ड केला, आणि त्याच्यावर ‘फ्रँकी’चा परिणाम होता हे तो स्वतः सांगतो. आता एकतारी घेऊन गाणाऱ्या कडुबाई खरात मोबाइलवरून घराघरांत पोचल्यात.

फरक मात्र आहे आणि तो पुसू नये. स्प्रिंगस्टीनकडं स्टुडिओ होता, त्यानं तो नाकारला. आपल्या गायन पार्टीला स्टुडिओ कुणी देऊ केलाच नव्हता. म्हणून आपल्या शाहिरांना उगाच ‘पंक’ची पदवी देऊ नका, त्यांना तिची गरज नाही. शिकण्यासारखं आहे ते त्या पाकिटावर.

कारण आपल्या कॅसेटींवर काही लिहिलेलं नसतं. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारलं. १९९३ मध्ये नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. या माणसांवर गाणी झाली, वस्त्या-वस्त्यांतून गायली गेली. घरात पडलेली अशी कॅसेट हातात घेतली तर लेबलवर पेननं फार तर ‘भीमगीते’ लिहिलेलं असतं. कुणी लिहिलं, कुणाची ढोलकी, कुठल्या गावात, कोणत्या साली? कोरं. आत टेपला बुरशी धरत असते आणि गाणाऱ्यांची वयं सत्तरीच्या पुढं गेलेली आहेत.

तुमच्यातले काही जण मला विचारतात, सर, अल्बम करायचाय पण सेटअप नाही. दोघं आहात ना? एक मोबाइल आहे? मग आधी आपल्याच गल्लीतली एखादी जुनी कॅसेट वाजवून मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि ज्याची आहे त्याच्यासमोर बसून ही चार नावं विचारा. मग आपलं गाणं करा, त्याच्याखालीही नावं लिहा, कितवा प्रयत्न ते लिहा, खर्च किती आला तेही लिहा.

बरं, आता अल्बममधलं पहिलं गाणं लावतो. आवाज थोडा कर्कश लागेल, स्पीकरला दोष देऊ नका.