कामाची बदलती जागा – ६ : वाचलेल्या प्रवासाचं मोल

घरून काम करायला आवडतं का, असं डोंबिवलीत कुणालाही विचारा. उत्तरात घर क्वचितच येतं, गाडी येते. फर्स्ट क्लासचा पास असूनही आत शिरता येत नाही, बसायला मिळावं म्हणून आधी उलटं कल्याणला जावं लागतं, संध्याकाळी दारातून आत ढकललं गेलं की हात हलवता येत नाही. ‘आठवड्यातून दोन दिवस तरी यातून सुटका,’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की घरून काम हा आपल्याकडे आधी प्रवासाचा प्रश्न आहे आणि मग कामाचा, अशी माझी खात्री झाली आहे. कंपन्या मात्र तो हजेरीचा प्रश्न म्हणून हाताळतात. बरीचशी खडाखडी तिथूनच सुरू होते.

मागच्या लेखांकात आपण कामाच्या तासांबद्दल बोललो. त्या तासांत न धरलेले तास आज बघू. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. फास्ट लोकलने डोंबिवली ते सीएसएमटी तासाभराचा किंवा थोडा जास्त प्रवास. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि तिची रांग, पुढे कुर्ल्याहून बीकेसीला जायची शेअर रिक्षा किंवा बस मिळवा. घराच्या दारापासून टेबलापर्यंत दीड-दोन तास सहज जातात, आणि तेवढेच परतताना. या वेळेचा पगार कुणी देत नाही. वेळ एकवेळ सोडून देऊ, पण ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या तेव्हा दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि चार जण त्याच दिवशी गेले. ती सोमवारची ऑफिसची वेळ होती. त्यानंतर मध्य रेल्वेने मुंबईतल्या आस्थापनांना कामाच्या वेळा पुढे-मागे करण्याची विनंती केली. रेल्वेने कचेऱ्यांना साकडं घालावं, यावरून गाडीत आणखी माणसं मावण्याची शक्यता किती उरली आहे ते कळतं.

दूरस्थ कामाचा मोठा प्रयोग आपल्याकडे झाला तोही गाडी थांबल्यामुळे. २२ मार्च २०२०च्या रात्री कोविडमुळे लोकल बंद झाल्या. १५ जूनपासून त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाल्या. सर्वसामान्यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांत मुभा मिळाली, दुसऱ्या लाटेत ती गेली आणि लसीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ला परत आली. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष कल्याणच्या अकाउंटंटला ऑफिसला जायचं म्हटलं तरी सरळ वाट नव्हती. सुरुवातीला बँका आणि रुग्णालयांतले लोक एसटीच्या रांगांत उभे राहत होते, बाकीचे डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचं (टीसीएस) उदाहरण ठाणेकरांना जवळचं, कारण घोडबंदर रस्त्यालगत आणि पोखरण रोडवर तिची मोठी केंद्रं आहेत. मार्च २०२० अखेर या कंपनीत सुमारे ४ लाख ४८ हजार माणसं होती आणि त्यांतली बहुसंख्य काही आठवड्यांत घरून काम करू लागली. एप्रिलमध्ये, राजेश गोपीनाथन प्रमुख असताना, कंपनीने जाहीर केलं की २०२५ पर्यंत कुठल्याही वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी ऑफिसात असले तरी पुरे. पुढे झालं ते उलटंच. ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस ऑफिस, आणि २०२४ मध्ये पगाराचा बदलता भाग हजेरीला बांधला गेला. ६० टक्क्यांच्या खाली हजेरी असेल तर तो भाग शून्य. २०२० मधला शब्द बदलायचा हक्क कंपनीला आहेच. पण हजेरी कमी म्हणून पैसे कमी, या हिशेबात काम कसं झालं हा प्रश्न कुठे बसतो?

कंपन्यांच्या प्रमुखांची अडचण खोटी नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ११ देशांतल्या २० हजार लोकांना विचारलं. ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आमचं काम नीट होतंय. ८५ टक्के प्रमुख म्हणाले, तसं होतंय यावर भरवसा ठेवणं जड जातं. त्याच वर्षी विप्रोने एकाच वेळी दुसरीकडे नोकरी करणाऱ्या ३०० जणांना काढलं, तेव्हा अनेक साहेबांना आपला संशय खरा ठरल्यासारखं वाटलं. मग सुरू झाली स्क्रीनवरच्या हिरव्या ठिपक्याची पहारेदारी, आणि तिला उत्तर म्हणून माउस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रं. दोन्ही बाजूंची माणसं शहाणीसुरती, पगारदार, आणि दिवसभर एकमेकांना चकवण्यात गुंतलेली.

या गोंधळात सर्वांत जास्त भरडला जातो तो टीम लीड. वरून हजेरीचे आकडे मागतात, खालून सवलत मागतात, आणि कामाचं मोजमाप कसं करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ऑफिसात तो नुसता फेरफटका मारून अंदाज घ्यायचा: कोण अडलंय, कोणाचा चेहरा उतरलाय, कोण खुर्चीला कोट लावून चहाला गेलाय. घरून काम सुरू झालं आणि हे बिनखर्चाचं ज्ञान गेलं. त्याच्या जागी मीटिंगा आल्या.

आपल्याच भागातला एक जुना नमुना इथे आठवतो. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या लिज्जतच्या पापडात पीठ केंद्रातून घरी न्यायचं, पापड घरी लाटायचे, वाळवून परत आणायचे आणि वजन-तपासणी होऊन मजुरी घ्यायची, अशी रीत आहे. कोण किती वाजता पोळपाटाशी बसली याची नोंद होत नाही. पापड तपासला जातो. अर्थात पापड तराजूत घालता येतो, ऑडिटचा अहवाल किंवा सॉफ्टवेअरचा तुकडा येत नाही. पण म्हणूनच तो कसा जोखायचा हे आधी ठरवणं हे प्रमुखाचं काम. ते न ठरवता खुर्च्या मोजणं सोपं आहे, इतकंच.

संशोधन काय सांगतं? सर्वांत जास्त हवाला दिला जातो तो निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास शांघायमधल्या सी-ट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केलेल्या प्रयोगाचा. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. हे दोन आकडे सगळे सांगतात. तिसरी गोष्ट कमी सांगितली जाते: भाग घ्यायला घरात कामासाठी स्वतंत्र खोली असणं ही अट होती. आता ही अट घेऊन डोंबिवली पूर्वेच्या वन-बीएचकेमध्ये जा. आजी-आजोबा हॉलमध्ये, मुलांचा अभ्यास तिथेच, आणि क्लायंटशी बोलणारा मुलगा बेडरूमचं दार लावून पलंगावर मांडी घालून बसलेला. शिवाय प्रयोग संपल्यावर तिथल्याही निम्म्या लोकांनी ऑफिसची वाट धरली, कारण एकटेपणा.

भारतातला निकाल तर अधिक कडू आहे. डेव्हिड अ‍ॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सहकाऱ्यांनी चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर प्रयोग केला. चिठ्ठी टाकल्यासारखं कुणाला घर, कुणाला ऑफिस दिलं. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्के कमी भरली, आणि ज्यांना घरून काम जास्त हवं होतं त्यांचंच नुकसान जास्त झालं. कारण उघड आहे: ज्यांना घरी थांबण्याची गरज जास्त, त्यांच्या घरातल्या जबाबदाऱ्याही जास्त.

त्या जबाबदाऱ्या बहुतेक बाईच्या असतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं, पुरुष ९७. ‘घरीच आहेस ना, मग जरा कुकर लाव’ हे वाक्य मीटिंग चालू असतानाही येतं. ऑफिसात असताना ते येऊ शकत नव्हतं. टीसीएसच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांनी नोंदवलं की नोकरी सोडण्याचं स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा वर गेलं आहे, आणि महासाथीच्या काळात घरून काम करताना काहींच्या घरची घडी वेगळी बसल्यामुळे त्या ऑफिसला परतल्या नसाव्यात. माझ्या मते ही या सगळ्या विषयातली सर्वांत गंभीर नोंद आहे. सवलत म्हणून आलेली गोष्ट घरच्यांनी हक्क म्हणून वापरली आणि बाईची नोकरी गेली.

लोकलमधल्या बायकांच्या डब्याचीही आठवण इथे निघते. भाजी निवडणं, संक्रांतीचं हळदीकुंकू, बदलीची बातमी, लग्नाची स्थळं हे सगळं त्या तासाभरात व्हायचं. गर्दीला शिव्या घालणाऱ्या बायकाच लॉकडाउनमध्ये ‘ट्रेनचा ग्रुप’ आठवून हळव्या झाल्या होत्या. नोकरीतलं समाधान पगार आणि बढतीच्या रकान्यात मावत नाही ते असं.

मग काय करावं? शांघायच्या त्याच सी-ट्रिपमध्ये पुढे १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्यातून दोन दिवस घर, तीन दिवस ऑफिस. कामगिरीत आणि बढत्यांत फरक पडला नाही, नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. सर्वांत जास्त फायदा कुणाला? स्त्रियांना, साध्या कर्मचाऱ्यांना आणि लांबून येणाऱ्यांना. आधी नाक मुरडणाऱ्या व्यवस्थापकांचंही मत प्रयोगानंतर बदललं.

मला हे दोन दिवस पटतात, पण दोन अटींवर. ऑफिसचे दिवस सगळ्या टीमचे एकच असावेत. नाहीतर माणूस दोन तास लटकत जाऊन ऑफिसात एकटाच बसतो आणि घरी बसलेल्यांशी व्हिडिओवर बोलतो, हा प्रकार मी पाहिलाय. नव्याने रुजू झालेल्यांना पहिले काही महिने ज्येष्ठांच्या शेजारी बसू द्यावं, कारण ज्येष्ठांचं स्वतःचं काम घरी जास्त उरकतं आणि शिकणाऱ्याचं शिकणं तिथेच अडतं.

कंपन्यांनी ठाण्याकडे सरकणं हा उपाय वाटतो, पण अर्धाच. कल्याणहून ठाण्याला येणारा वीसच किलोमीटर येतो, तरी त्याला दिवा-मुंब्र्याचा तोच पट्टा ओलांडावा लागतो. शाखा कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला काढली तर सकाळी डाऊन गाडीत, उलट्या दिशेने, बसायला जागा मिळते.

तुम्ही टीम चालवत असाल तर पुढचा रोस्टर करण्याआधी प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारा: कुठून येता, आणि घरी बसायला स्वतंत्र जागा आहे का. पुढच्या लेखांकात घरून करता न येणाऱ्या कामांबद्दल, म्हणजे डिलिव्हरी करणारे, सफाई कामगार आणि परिचारिका यांच्याबद्दल.