कबूतर घेतलेले मूल

स्पॅनिश चित्रकार पाब्लो पिकासो याने १९०१ साली पॅरिसमध्ये ‘कबूतर घेतलेले मूल’ हे तैलचित्र रंगविले. त्या वेळी तो जेमतेम २० वर्षांचा होता. चित्रात काय आहे म्हणाल, तर फारच थोडे. पांढरा झगा घातलेले व कमरेला निळा पट्टा बांधलेले एक लहान मूल मोकळ्या जागी उभे आहे. दोन्ही हातांनी त्याने एक कबूतर छातीशी धरले आहे. पायांजवळ एक रंगीबेरंगी चेंडू पडला आहे. घर नाही, झाड नाही, दुसरे माणूस नाही. तो मुलगा की मुलगी, हेही चित्रकाराने स्पष्ट केलेले नाही.

या मुलाच्या मनात काय चालले असावे? चित्र बोलत नाही. तेव्हा उत्तर खुणांवरूनच शोधले पाहिजे. पहिली खूण चेंडूची. चित्रातील सर्वांत खेळकर रंग त्याच्या वाट्याला आले आहेत, तरी मुलाचे तिकडे लक्ष नाही. खेळणे जवळ असूनही खेळावेसे वाटू नये, अशी वेळ लहानांवरही येते. चेहऱ्यावर हसू नाही, रडूही नाही. परंतु खरी गोष्ट सांगतात ते हात. पाखरू धरणे सोपे नव्हे. मूठ आवळली तर ते गुदमरते, सैल सोडली तर उडून जाते. येथे कबूतर धडपडत नाही, पंख पसरीत नाही. हे हात त्याच्या परिचयाचे असावेत. मूल पाखराला जपते आहे हे तर उघडच आहे. पण मला वाटते, आधार अधिक हवा आहे तो मुलालाच.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पिकासोचा जिवलग मित्र कार्लेस कासाजेमास मरण पावला होता. पुढे पिकासोच्या चित्रांवर जी निळी, उदास छटा पसरली, तिची चाहूल येथे लागते, असे जाणकार मानतात.

कबुतरे पिकासोला लहानपणापासून परिचित होती. त्याचे वडील कबुतरांची चित्रे काढीत. १९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर त्याने काढलेले कबूतर झळकले व जगभर शांततेची खूण ठरले. म्हणून या चित्रातही कोणी तोच संदेश वाचू लागेल. तो मात्र पटत नाही. ४८ वर्षांनंतरचा अर्थ या मुलाच्या हाती कशाला द्यावा?

हे चित्र अनेक वर्षे लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहावयास मिळत असे. २०१२ साली ते विकले गेले आणि पुढे ब्रिटनबाहेर गेले.